एन्झाइम मेलेलं नाही, आधी बफर बघा

'अल्कलाइन फॉस्फेटेजला (फॉस्फेट तोडणाऱ्या एन्झाइमला) पिवळा रंग धड चढत नाही, केएम (निम्म्या कमाल वेगाला लागणारं सब्स्ट्रेट, म्हणजे एन्झाइम ज्यावर काम करतं तो पदार्थ) पुस्तकापेक्षा कितीतरी जास्त येतो, सगळे म्हणतात एन्झाइम मेलंय' असं तुम्ही लिहिलंय. एम.एस्सी.ला अगदी हेच भोगलंय. नवीन बाटली मागवायच्या आधी सांगा, बफर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारं द्रावण, कशाचं आहे?

आम्हाला विभागाच्या स्टोअरमधून मिळायची त्या बाटलीवर फक्त 'बफर, पीएच ८'. आत काय आहे विचारलं की 'बफर म्हणजे बफर, इंडेंटवर सही करा आणि न्या.' रजिस्टर दाखवा म्हटलं तर अर्ज आणा! अख्खं सेमिस्टर त्या टेबलानं खाल्लं. निघालं काय, तर ०.१ मोलर फॉस्फेट बफर.

हे एन्झाइम सब्स्ट्रेटला धरतं ते त्याच्या फॉस्फेटच्या टोकाला. अ‍ॅक्टिव्ह साइटमधले, म्हणजे काम चालतं त्या जागेतले, दोन झिंक आयन त्याला पकडतात आणि तिथलं सेरीन हे अमिनो आम्ल फॉस्फरसवर हल्ला करतं. सुटा फॉस्फेट नेमका त्याच जागी बसतो, एसटीच्या खिडकीतून टाकलेल्या रुमालासारखा. तुमचं पीएनपीपी (फॉस्फेट तुटलं की पिवळं होणारं सब्स्ट्रेट) दोन-चार मिलिमोलर, फॉस्फेट शंभर. जागा कुणाला मिळणार? सब्स्ट्रेट भरपूर वाढवलं तर ते फॉस्फेटला हटवतं, म्हणून व्हीमॅक्स (कमाल वेग) तोच राहतो, केएम मात्र फुगतो. एन्झाइम-सब्स्ट्रेट कसे जुळतात ते सांगणारी फिशरची १८९४ची कुलूप-किल्ली घ्या नाहीतर कॉशलंडचा १९५८चा इंड्यूस्ड फिट (सब्स्ट्रेट आलं की एन्झाइम आकार बदलतं), जागा आधीच अडलेली असू शकते हे त्या चित्रांत दिसतच नाही. परीक्षेला ठीक, प्रयोगाच्या टेबलावर निरुपयोगी. माझं मत हो, सरांना सांगू नका.

एन्झाइम ई. कोलाय या जिवाणूचं असेल तर ट्रिस बफर, पीएच ८. वासराच्या आतड्यातलं असेल तर डायइथेनॉलअमाइन बफर, पीएच ९.८ आणि थोडं मॅग्नेशियम. तरी बाटलीसोबतचा कागद वाचाच. ईडीटीए घातलेलं ट्रिस नको, ते झिंकच ओढून घेतं. शिवाय रिअ‍ॅक्शनमधूनही फॉस्फेट सुटत राहतो, म्हणून रेट काढायचा तो सुरुवातीच्या रीडिंगवरून.

पीएनपीपीवरच शंका असेल तर कोल्हापुरात गंगावेशीच्या दूधकट्ट्यावरून समोर पिळलेलं म्हशीचं दूध आणा. कार्बोनेट बफरमध्ये पीएनपीपी, त्यात थोडं दूध, आणि ३७ अंशांना ठेवा. पिवळं व्हायलाच हवं, कच्च्या दुधात हे एन्झाइम असतंच. पिशवीतल्या पाश्चराइज्ड दुधाला होणार नाही, कारण ७२ अंशांना १५ सेकंदांत हे एन्झाइम निकामी होतं. डेअरीत पाश्चरायझेशन नीट झालं का ते याच एन्झाइमवरून तपासतात. पिण्याचा पेला मात्र कट्ट्यावरच संपवा, लॅबमध्ये नको.