स्वगत, मनोगत आणि 'आपुलाचि वाद'

प्रश्न असा आला आहे: "आमच्या कॉलेजच्या एकांकिकेच्या तालमी सुरू आहेत. शोकांतिका आहे. शेवटाकडे नायक स्टेजवर एकटाच दीड पान बोलतो. संहितेत एका जागी 'मनोगत' लिहिलंय, दुसऱ्या जागी 'स्वगत', आणि आमचा दिग्दर्शक त्याला 'एकपात्री' म्हणतो. बरोबर काय? आणि मनातली घालमेल दाखवायला स्वगतच का लागतं?"

'एकपात्री' आधी निकालात काढू. तो प्रयोगाचा प्रकार आहे. 'वऱ्हाड निघालंय लंडनला'त रंगमंचावर लक्ष्मण देशपांडे एकटे असायचे, पण पात्रं ढीगभर, आणि ती एकमेकांशी कडाकडा भांडायची. तुमच्या नाटकात बाकीची मंडळी विंगेत उभी आहेत. तेव्हा हा शब्द इथे चालणार नाही.

'मनोगत'चं तसं नाही. तो अर्थानं जवळचा वाटतो, म्हणूनच फसवतो. पुण्यात संध्याकाळी कुठल्याही सभागृहात डोकावा, कोणीतरी सत्कारमूर्ती मनोगत व्यक्त करत असतात. ते आधीच ठरलेलं असतं, बहुतेकदा घडी घालून खिशात ठेवलेलं. मनात आहे ते बाहेर काढायचं, एवढंच काम. बोलून झाल्यावर बोलणारा होता तिथेच असतो (आणि श्रोते चहाकडे निघालेले असतात).

'स्वगत' हा मुळात रंगसूचनेचा शब्द. संस्कृत नाटकांत पात्राच्या नावापुढे 'आत्मगतम्' किंवा 'स्वगतम्' आलं की पुढचं वाक्य रंगमंचावरच्या इतरांना ऐकू जात नाही असं धरायचं. 'प्रकाशम्' आलं की ते सगळ्यांसाठी. जुन्या छापील मराठी नाटकांतही कंसात '(स्वगत)' आणि लगेच पुढे '(उघड)' अशी जोडी दिसते. म्हणजे कोणाला ऐकू जातं आणि कोणाला नाही, एवढंच हा शब्द सांगतो. आत खरं बोललं जातंय की खोटं, याची हमी तो देत नाही. शोकांतिकेत नेमकी हीच मोकळीक कामाला येते.

एकटा माणूस स्वतःशी बोलतो म्हणजे काय करतो, हे तुकोबांनी फार नेमकं सांगून ठेवलंय. 'वृक्षवल्ली आम्हां सोयरीं' या अभंगाच्या शेवटी 'होय मनासी संवाद, आपुलाचि वाद आपणांसी' असं येतं. त्या ओळीत संवाद आहे आणि वादही आहे. तुकोबांचा वाद वनातल्या एकांतातला, सुखाचा. शोकांतिकेच्या नायकाच्या वाट्याला संवाद संपून नुसता वाद उरतो. त्यामुळे स्वगत वाचताना तो काय म्हणतो याहून वाद कुठे फिरला, कोणत्या वाक्याला कोणती बाजू हरली, हे शोधावं.

कालिदासाच्या 'शाकुंतला'चा पाचवा अंक घ्या. शोकांतिका नाही, पण झगडा चोख आहे. शापामुळे दुष्यंताला काही आठवत नाही. शकुंतला समोर उभी आहे. तो तिच्याकडे बघून मनाशी म्हणतो: पहाटे आत दव साठलेलं कुंदाचं फूल भुंग्याला भोगताही येत नाही आणि सोडवतही नाही, तसं माझं झालंय. हे आपण ऐकतो. तिला घेऊन आलेल्या, दरबारात उभ्या असलेल्या शार्ङ्गरवाला, कण्वांच्या शिष्याला, मात्र नुसतं राजाचं गप्प बसणं दिसतं, आणि तो विचारतोही, 'राजा, गप्प का?' त्यावर राजा उघड सांगतो की, हिला स्वीकारल्याचं आठवत नाही. आतलं वाक्य नकाराचं नव्हतं, बाहेरचं आहे. त्या दोहोंमधली फट फक्त प्रेक्षकाला दिसते. (किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतला'चा पहिला प्रयोग 31 ऑक्टोबर 1880 ला इथेच, पुण्यात, आनंदोद्भव नाट्यगृहात झाला, पण त्या रात्री पहिले चारच अंक झाले. म्हणजे पुणेकरांना या प्रसंगासाठी थांबावं लागलं.)

आता शेक्सपिअरचा मॅकबेथ, राजाला मारून गादी मिळवू बघणारा सरदार. राजा घरी पाहुणा आलाय, जेवणं चाललीयेत, आणि यजमान पंगत सोडून बाहेर येऊन एकटाच बोलतो. सुरुवातीला खुनाला तो खून म्हणत नाही, नुसतं 'ते'. ते करून संपत असेल तर लवकर उरकलेलं बरं. मग विरुद्ध बाजूची कारणं एकेक येतात: मी त्याचा नातलग, मी त्याचा प्रजाजन, आणि आज तर यजमान, मारेकऱ्याला दार बंद करायचं ते मी, सुरी मीच कशी उचलू? शिवाय माणूस सज्जन. करण्याच्या बाजूला शेवटी एकच गोष्ट उरते, बेफाम महत्त्वाकांक्षा, आणि हेही तो स्वतःच कबूल करतो. बायको आल्यावर तो तिला सांगतोही की, आता हे पुढे न्यायचं नाही. म्हणजे स्वगताचा निकाल 'नको' असा आहे! मग त्याच प्रवेशात ती त्याला फिरवते. स्वगत नसतं तर तो आपल्याला बायकोच्या ताटाखालचं मांजर वाटला असता. ते आहे म्हणून कळतं की त्याला सगळं दिसत होतं. पुढे जे होतं ते न कळून झालेलं नाही, आणि माझ्या मते त्याची शोकांतिका तिथेच आहे.

'हॅम्लेट'मधला क्लॉडियस याच्याही पुढचा. भावाला मारून राजा झालेला हा माणूस प्रार्थनेला बसतो आणि स्वतःचीच उलटतपासणी घेतो: क्षमा मागू, पण ज्यासाठी खून केला तो मुकुट, ती राणी तर माझ्याकडेच आहे, लूट ठेवून माफी मिळते का? उत्तर त्याला ठाऊक आहे. तरी गुडघे टेकतो. मागून हॅम्लेट, त्या मारलेल्या भावाचा मुलगा, तलवार घेऊन येतो. प्रार्थनेत मेला तर हा स्वर्गात जाईल, म्हणून मारायचं थांबतो आणि निघून जातो. तो गेल्यावर क्लॉडियस उठून म्हणतो, शब्द वर गेले, मन खालीच राहिलं. दोघांची स्वगतं लागोपाठ, एकाचं दुसऱ्याला ठाऊक नाही.

हॅम्लेटचं ते प्रसिद्ध स्वगत इंग्रजीत पाहिलंत तर मरणाबद्दलच्या त्या सगळ्या विचारात 'मी' कुठेच नाही. 'आपण', 'आपल्याला' असं चालतं. शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'मुळे ते आपल्या कानात 'जगावं की मरावं' असं बसलंय, आणि मराठीत तो भावे प्रयोग आहे. कोणी जगावं? सांगितलेलंच नाही. 'मी जगू की मरू?' केलंत की तो लगेच एका माणसाचा निर्णय होतो. 'जगावं की मरावं'मध्ये बोलणारा स्वतःला वाक्याबाहेर ठेवतो. ज्याला स्वतःबद्दल बोलणं झेपत नाही, त्याचं हे व्याकरण आहे.

सगळीच स्वगतं अशी नसतात. 'ऑथेल्लो'तला खलनायक इयागो स्वतःशी भरपूर बोलतो, पण त्यात झगडा नाही, बेत आहेत. द्वेषाची कारणंही तो दर वेळी नवी काढतो. त्याच्या त्या बोलण्याला मनोगत म्हटलंत तर फसाल. तो स्वतःलाही थापा मारतो.

'स्वगतच का' याचं उत्तर: स्वगतच लागतं असं नाही. ग्रीक शोकांतिकेत कोरस, म्हणजे गाणाऱ्या-बोलणाऱ्यांचा समूह, एकदा रंगमंचावर आला की सहसा हलत नाही, त्यामुळे नायकाला एकांत क्वचितच. युरिपिडिसच्या नाटकातली मेडिया स्वतःच्या मुलांना मारावं की नाही, हा वाद कोरसच्या बायकांसमोरच घालते. मध्येच स्वतःच्या काळजाला हाक मारून 'नको रे, हे करू नकोस' म्हणते. आपल्याकडे रामदासांनीही मनाला हाका मारल्या, पण त्यांचं मन निमूट ऐकून घेतं. मेडियाचं ऐकत नाही.

तुमच्या संहितेत मग दोन्ही ठिकाणी 'स्वगत' करा. नपुंसकलिंगी, ते स्वगत, ती स्वगतं. नायक दीड पान बोलून सुरुवातीला होता तिथेच राहत असेल, तर मात्र लेखकाला सांगा की शब्द 'स्वगत' असला तरी मजकूर मनोगताचा आहे, आणि निम्मा कापा.