खजिन्याची पेटी की धनाचा हंडा?

चाच्यांच्या गोष्टीचं भाषांतर करताना 'ट्रेझर चेस्ट'साठी 'धनाचा हंडा' चालेल का, आणि या पेटीचा एवढा बोलबाला का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत: हंडा नको, 'खजिन्याची पेटी'च ठेवा. दोन्हींत सोनंच असलं तरी त्यांचं गोत्र वेगळं आहे.

पेटी खलाशाची. जहाजावर ज्याचं सामान त्याच्या पेटीत, म्हणून लूटही पेटीतच कल्पिली गेली. खरं तर लूट पुरून ठेवणारे चाचे विरळाच. नोंद असलेलं ठळक उदाहरण विल्यम किडचं. 1699 मध्ये अमेरिकेतल्या गार्डिनर्स बेटावर त्याने सोनंनाणं पुरलं. ते त्याच वर्षी उकरून काढण्यात आलं आणि 1701 मध्ये लंडनला त्याला फाशी झाली. त्याचा सर्वांत मोठा हात मात्र आपल्याकडच्या समुद्रात मारलेला. 1698 मध्ये सुरतेला निघालेलं 'क्वेदा मर्चंट' जहाज त्याने मलबार किनाऱ्याजवळ पकडलं. त्यात होतं काय? मुख्यतः रेशीम, मलमल, साखर, लोखंड. झाकण उघडताच चेहऱ्यावर पिवळा उजेड पडतो ती सगळी चित्रकारांची कृपा!

पेटीला कुलूप असतं, म्हणून तिच्या गोष्टीत किल्ली आणि नकाशा येतो; डोकं चालवेल त्याला ती मिळते. हंड्याचं तसं नाही. तो परसात, पडक्या वाड्यात नाहीतर शेताच्या बांधाखाली असतो, वर नाग बसलेला. पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेल्या, माणसाच्या डोळ्यांत अंजन घातलं की त्याला जमिनीतलं धन दिसतं, अशी समजूत. आणि नशिबात नसेल तर हंडा हाती लागूनही आत कोळसे! म्हणजे पेटी हिकमतीची, हंडा प्राक्तनाचा. हंड्याची ही बाजू निव्वळ गमतीची नाही. गुप्तधनापायी नरबळीपर्यंत मजल गेली, म्हणूनच महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत गुप्तधनाचा नावानिशी उल्लेख करावा लागला.

सरकारी मराठीत पुरलेल्या धनाला 'निखात निधी' म्हणतात. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचं असं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. निखात म्हणजे खणून पुरलेलं. शब्द नेमका आहे, पण चाच्याच्या तोंडी घालू नका.

'खजिना' अरबीतून फारसीमार्गे आला, 'संदूक'ही मूळचा अरबीच. त्यामुळे 'खजिन्याची संदूक' कानाला छान लागते, पण जरा हिंदी वळणाची वाटते. 'रत्नमंजूषा' राजकन्येच्या गोष्टीत शोभेल. 'पेटारा' गारुड्याचा, हल्ली पुढाऱ्यांच्या आश्वासनांचाही.

नुसतं 'पेटी' लिहिलं तर मात्र फसगत होईल. कोणी आंब्यांची समजेल, कोणी भजनातली. मुंबईच्या बोलीत तर पेटी म्हणजे लाख आणि खोका म्हणजे कोटी. 2022 मध्ये 'पन्नास खोके'ची घोषणा गाजली तेव्हा खोक्याचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागला नाही. तेव्हा पहिल्या उल्लेखात 'खजिन्याची पेटी' असं पूर्ण लिहा, पुढे नुसती 'पेटी' चालेल.