इंदूरच्या खासगी दवाखान्यात आई गेली, डॉक्टरवर गुन्हा दाखल होईल का?

तुम्ही लिहिलंय की आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, दुसऱ्या रात्री ती गेली, पोस्टमॉर्टेम केलं नाही. आता डॉक्टरला जेल होईल का? मी इथे जिल्हा कोर्टात वकिली करतो. रामबागेतले ओळखीचे लोक हाच प्रश्न घेऊन तेराव्याच्या आधीच येतात.

होऊ शकते, पण अवघड आहे. घटना १ जुलै २०२४ नंतरची असेल तर नव्या भारतीय न्याय संहितेचं कलम १०६(१) लागतं: डॉक्टरला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. त्याआधीची असेल तर जुन्या दंड संहितेचं (आयपीसी) कलम ३०४-अ.

खरं घोडं अडतं ते जेकब मॅथ्यू खटल्याच्या निकालापाशी (सुप्रीम कोर्ट, २००५). लुधियानाच्या दवाखान्यात पेशंटचा श्वास कोंडलेला, ऑक्सिजनचा सिलिंडर आणला तर तो रिकामा! तरी डॉक्टरवरचा खटला रद्द झाला. दोष असलाच तर दवाखान्याचा, तो दिवाणी, असं कोर्टाचं म्हणणं. मला ते आजही खुपतं, पण कायदा तोच. निष्काळजीपणा घोर लागतो. निदान चुकलं एवढ्यावर गुन्हा होत नाही. पोलिसांनी आधी त्याच शाखेच्या, शक्यतो सरकारी डॉक्टरचं मत घ्यायचं, आणि उठसूट अटक करायची नाही. म्हणजे तुमचा अर्ज ठाण्यात बरेच महिने ‘जाँच’मध्ये राहणार, हे धरून चाला.

पोस्टमॉर्टेम नसल्यानं आता सगळा भार केस पेपरवर. माझ्याकडच्या एका प्रकरणात रात्रीच्या नाडी-बीपीच्या चारही नोंदी एकाच पेनानं, एका दमात लिहिलेल्या होत्या आणि एका वेळेवर दुसरा आकडा गिरवलेला. मेडिकल बोर्डानं, म्हणजे मत द्यायला नेमलेल्या डॉक्टरांच्या समितीनं, ‘ऑपरेशननंतर होऊ शकणारी गुंतागुंत’ म्हणून तीन ओळींत विषय संपवला. एफआयआर झालीच नाही. ग्राहक आयोगात मात्र त्याच पानावर दवाखान्याच्या वकिलाला घाम फुटला आणि घरच्यांना भरपाई मिळाली.

तेव्हा ठाण्यात अर्ज जरूर द्या, पण आयोगाची वाट सोडू नका. तिथे मुदत दोन वर्षांची. त्याही आधी दवाखान्याकडे पूर्ण केस पेपर लेखी मागा: नर्सच्या नोंदी, भूल दिल्याचा कागद, सही केलेलं संमतिपत्र, सगळं. मागितल्यापासून ७२ तासांत द्यावे असा डॉक्टरांसाठीचाच नियम आहे. डिस्चार्ज समरीचं एक पान हातात टेकवतील, त्यावर समाधान मानू नका. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख, वेळ नि शिक्का घेतल्याशिवाय काउंटरवरून हलू नका.