प्रचारपत्रकातल्या पहिल्या ओळीविषयी

चि. मुलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या प्रचारपत्रकाचा मसुदा मिळाला. पाणी, घंटागाडी, गटारे आणि पथदिवे एवढेच मुद्दे तू धरलेस याचा मला मनापासून आनंद झाला, कारण नगरपरिषदेची निवडणूक याच गोष्टींवर लढवली गेली पाहिजे. मात्र 'निवडून आल्यास घरपट्टी निम्मी करू' ही पहिली ओळ तू काढून टाकावीस, असे मला आग्रहाने सांगायचे आहे.

घरपट्टी कमी करणे एका नगरसेविकेच्या हातात नसते. दर ठरवण्याचा अधिकार सभागृहाचा, तोही 1965 च्या नगरपरिषद अधिनियमाच्या चौकटीत राहून. आणि बिलातील शिक्षण कराची रक्कम तर नगरपरिषद फक्त गोळा करते, ती पुढे राज्य शासनाकडे जाते. त्यातच पंधराव्या वित्त आयोगाने शहरांच्या अनुदानाला मालमत्ता कराच्या किमान दरांची आणि वसुलीतील वाढीची अट घातली होती. मुंबईचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेव. पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना करमाफी देण्याचे आश्वासन तेथे 2017 च्या निवडणुकीत दिले गेले. 2019 मध्ये बिलातील केवळ सर्वसाधारण कर माफ झाला, बाकीचे कर तसेच राहिले, आणि संपूर्ण माफी मिळायला 2022 साल उजाडले. पुण्यात राहत्या घरांना 1970 पासून मिळत असलेली चाळीस टक्के सवलत मध्येच बंद झाली, ती 2023 मध्ये पुन्हा सुरू झाली, तीही राज्य शासनाने निर्णय घेतल्यावर. एवढ्या मोठ्या महानगरपालिकांना जे मंत्रालयातून आणावे लागले, ते आपल्या गावात तू एकटी कशी देणार आहेस?

मी हे अनुभवाने लिहितो आहे. माझ्या पहिल्या निवडणुकीत मी वाढीव पाणीपट्टी रद्द करण्याचा शब्द दिला होता. निवडून आल्यावर जॅकवेलच्या, म्हणजे गावासाठी पाणी उपसण्याच्या विहिरीच्या, पंपांचे वीजबिल पहिल्यांदा माझ्यासमोर आले, तेव्हा कळले की जमा होणाऱ्या पाणीपट्टीत ते वीजबिलसुद्धा भागत नाही. वाढ रद्द झाली नाही. ज्यांनी माझ्या शब्दावर मत दिले होते, त्यांच्या दारावरून जाताना मला पाच वर्षे मान खाली घालावी लागली. ती वेळ तुझ्यावर येऊ नये, एवढीच माझी इच्छा आहे.

मग कराविषयी बोलायचेच नाही का? अवश्य बोल, पण बिल हातात घेऊन बोल. दर कमी करणे तुझ्या हातात नसले तरी चुकीची आकारणी दुरुस्त करून घेणे नक्कीच आहे, आणि ते काम तू आजपासून, निवडून येण्यापूर्वीच, सुरू करू शकतेस. दर चार वर्षांनी घरपट्टीची नव्याने आकारणी होते, तशा मागच्या चतुर्थवार्षिक आकारणीच्या वेळी आमच्या आळीतील एक आजी पत्र्याचा डबा घेऊन माझ्या ओट्यावर आल्या होत्या. डब्यात वीस वर्षांच्या पावत्या नीट घड्या घालून ठेवलेल्या होत्या आणि वर नवे बिल होते, जवळजवळ दुप्पट. आम्ही असेसमेंटचा उतारा, म्हणजे कर आकारणीच्या नोंदीची प्रत, काढला, तर त्यांची मागची पत्र्याची पडवी आरसीसी बांधकाम म्हणून लागलेली. मी आणि त्यांच्या नातवाने टेप धरून सगळे घर मोजले, कागदावर आकृती काढली, नोटिशीत दिलेल्या मुदतीत हरकत नोंदवली आणि सुनावणीला आजींना स्वतःला उभे केले. पडवीची नोंद बदलली, बिल उतरले. त्या दिवशी आजींनी पावतीची घडी घालून ती डब्यात ठेवली, तसे समाधान मला कोणत्याही ठरावाने दिलेले नाही.

अशी घरे तुझ्या प्रभागातही निघतील. बिल पाहताना मोजमाप आणि बांधकामाचा प्रकार तर पाहाच, पण रोजगार हमी कराचा रकानाही पाहत जा. हा कर बिगरनिवासी मालमत्तेवर असतो. तो एखाद्या राहत्या घराच्या बिलात दिसला, तर त्या घराची नोंद दुकान किंवा गोदाम म्हणून झालेली असण्याचा संभव मोठा. थकबाकीवर दरमहा 2 टक्के शास्ती (दंड) चढत जाते, म्हणून 'बिल चुकीचे आहे, भरू नका' असा सल्ला कोणालाही देऊ नकोस. हरकतीचा अर्ज आणि त्याची पोच आधी हातात घ्यायला सांग. लोकांचा खरा राग पैसे देण्यावर फारसा नसतो. वर्षभराची पाणीपट्टी भरूनही नळाला एक दिवसाआड पाणी येते, तेही कमी दाबाने, याचा तो राग असतो आणि तो रास्त आहे.

म्हणून पाण्याचे काम आधी समजून घे. व्हॉल्व्हमनबरोबर चार दिवस पहाटे फीर. कोणता व्हॉल्व्ह किती वेळ उघडा राहतो, उंचावरच्या गल्लीला शेवटी किती मिनिटे मिळतात, हे वहीत लिही. पाणीपुरवठा समितीत नुसते 'पाणी येत नाही' म्हटले तर उत्तर मिळते 'बघतो'. वेळ आणि गल्ली सांगितली की अभियंत्याला कागद पुढे ओढावा लागतो. पत्रकातही तेच लिही: अमुक गल्लीला इतकी मिनिटे पाणी मिळते, ते इतकी मिनिटे मिळावे म्हणून मी अमुक ठिकाणी व्हॉल्व्ह बसवण्याचा विषय मांडेन. त्या गल्लीतला माणूस हे वाक्य दोनदा वाचेल.

आणखी एक गोष्ट, जी तुला कोणी सांगणार नाही. महिलांसाठी निम्म्या जागा राखीव होऊन बरीच वर्षे झाली, तरी कित्येक ठिकाणी नगरसेविकेच्या नावाने कारभार घरातले पुरुष करतात. हरकतीचे अर्ज तू स्वतः लिही, मुख्याधिकाऱ्यांना तू स्वतः भेट, आणि पत्रकावर फोन नंबरही तुझाच असू दे.

मागील तीन वर्षांच्या अर्थसंकल्पाच्या प्रती मी काढून ठेवल्या आहेत. रविवारी सकाळी ये, आपण पाणीपुरवठ्याची जमा आणि खर्चाची पाने शेजारी ठेवून पाहू. येताना तुमच्या घराचे घरपट्टीचे बिल आणि टेप घेऊन ये. पहिले घर तुझेच मोजू.

तुझे,
काका