चालता न येणाऱ्या बाबांना अमेरिकेतल्या नॅशनल पार्कमध्ये मोटरवाली व्हीलचेअर घेऊन जाता येईल का?

बाबा उन्हाळ्यात येतायत, त्यांना फार चालवत नाही, तर बॅटरीवाली खुर्ची किंवा भाड्याची एटीव्ही (कच्च्या रस्त्यावर चालवायची छोटी उघडी चारचाकी) घेऊन ट्रेलवर नेता येईल का असं तुम्ही विचारलंय. खुर्ची हो, एटीव्ही नाही.

मलाही आधी वाटायचं की मोटर आली की बंदी. १९६४ चा विल्डरनेस कायदा आहे, त्यात जंगलाचे काही भाग असे राखलेत की तिथे गाडी सोडा, साधी सायकलही चालत नाही. पण १९९० च्या एडीए, म्हणजे अपंगांच्या हक्कांच्या कायद्यात स्पष्ट लिहिलंय की व्हीलचेअर तिथेही न्यायला हरकत नाही, आणि व्हीलचेअर म्हणजे काय तर फक्त चालायला त्रास असलेल्या माणसासाठीच बनवलेली आणि इमारतीच्या आत, लोक पायी फिरतात तिथे वापरता येईल अशी वस्तू. मोटर आहे की नाही हा मुद्दाच नाही! थोडक्यात हॉलमधून किचनमध्ये नेता येते का एवढं बघायचं, आणि एटीव्ही काय तुम्ही हॉलमध्ये आणणार नाही. मला तरी हा नियम बरोबर वाटतो. फक्त खुर्ची नेऊ देतात म्हणून वाट सपाट करून देतील असं नाही, ती जबाबदारी त्यांच्यावर नाही हेही त्याच कायद्यात आहे, त्यामुळे दगडधोंड्यात अडकली तर ढकलायला तुम्हीच.

स्टेट पार्कचं, म्हणजे राज्य सरकारांच्या पार्कचं वेगळं. तिथे २०११ पासूनच्या नियमानुसार सेगवे (उभं राहून चालवायची दोन चाकांची मोटरगाडी), गोल्फ कार्ट असलं काही अपंग माणूस वापरत असेल तर वेग, वजन, गर्दी, झाडाझुडपांचं नुकसान असं ठोस कारण असल्याशिवाय नाही म्हणता येत नाही, आणि आजार काय आहे हे विचारायचा स्टाफला अधिकार नाही. कोलोरॅडोत गेलात तर स्टॉन्टन स्टेट पार्कमध्ये रणगाड्यासारखे पट्टे असलेल्या मोटरच्या खुर्च्या फुकट देतात, ठरलेल्या ट्रेल्सवर, पण आधी बुकिंग करावं लागतं.

आता खरी कामाची गोष्ट. ग्रँड कॅन्यनचा हर्मिट रोड मार्च ते नोव्हेंबर खाजगी गाड्यांना बंद असतो, सगळे शटल बसने जातात. पण ज्यांना बसमध्ये चढणं जमत नाही त्यांच्यासाठी सीनिक अॅक्सेसिबिलिटी परमिट असतं, फुकट, प्रवेशाच्या गेटवर मागा, मग स्वतःची गाडी थेट आत नेता येते. आम्ही तेच केलं आणि आमचे बाबा प्रत्येक पॉइंटला गाडीतून उतरून कठड्यापर्यंत खुर्चीवर गेले. (आमचे बाबा माथेरानला दस्तुरीपासून हातरिक्षात बसले होते तेव्हा प्रत्येक चढाला ओढणाऱ्या माणसाची लाज वाटून उतरतो उतरतो म्हणत होते, उतरून करणार काय होते देव जाणे. तिथे ई-रिक्षाची चाचणी २०२२ च्या डिसेंबरात सुरू झाली, आमच्या नंतर.) शटलमध्ये व्हीलचेअर चढते पण मोठ्या मोबिलिटी स्कूटर बहुतेक मावत नाहीत, म्हणून भाड्याने घ्यायचीच तर खुर्ची घ्या. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी नॅशनल पार्कात मारिपोसा ग्रोव्हच्या मोठ्या सिकोया झाडांपर्यंतही अपंगांचं पार्किंग प्लॅकार्ड (गाडीत लावायचं कार्ड) लावलेली गाडी रस्ता उघडा असेल तेव्हा नेता येते.

आणि तो नॅशनल पार्कच्या प्रवेशासाठी अपंगांना मिळणारा फुकटचा अॅक्सेस पास, जो सगळे ओळखीचे लोक काढा काढा म्हणून सांगतात, तो अमेरिकन सिटिझन आणि ग्रीन कार्डवाल्यांनाच मिळतो, व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आईबाबांना नाही. तुमच्यापैकी कोणाचा वर्षाचा पास असेल तर तोच वापरा, गाडीला तिकीट असेल तिथे त्यातच सगळे येतात. हर्मिट रोडचं ते परमिट मात्र गाडीच्या काचेमागे दिसेल असं ठेवा, मी ते पाकिटात घडी घालून ठेवलं होतं आणि मागे गाड्यांची रांग लागलेली असताना शोधत बसलो.