आठवडाभर गुहागरला राहणार, परतताना रायगड करणार, जिम बंद. वजन वाढू नये म्हणून काय खावं, किती चालावं?

परत आल्यावर सोमवारी सकाळी वजनकाट्यावर उभे राहू नका. तुम्ही हे विचारलेलं नाही, पण सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं.

मी ट्रेनर आहे आणि दर मे-जूनमध्ये हेच बघतो. सुट्टीवरून आलेल्या माणसाला काट्यावर चढवतात, दोन किलो जास्त दिसतात आणि लगेच फर्मान निघतं: आठवडाभर भात बंद, रात्री फक्त सूप, रोज तासभर ट्रेडमिल. आमच्या व्यवसायातल्या लोकांनी हे करावं याचा मला राग येतो. साधा हिशोब आहे. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. सात दिवसांत दोन किलो चरबी चढायची तर रोजच्या गरजेच्या वर २२०० कॅलरी जायला हव्यात, म्हणजे आपल्या जेवणावर आणखी एका माणसाचं दिवसभराचं जेवण. असं कोणी जेवत नाही. मग काटा का चढतो? भात, आंबा, मोदक यांतली साखर आणि पिष्ट स्नायूंमध्ये ग्लायकोजेन म्हणून साठतं आणि दर ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. वर पापड-लोणच्याचं मीठ, आणि प्रवासात पोट साफ नसतं ते वेगळंच. नेहमीचं जेवण सुरू झालं की चार-पाच दिवसांत हे उतरतं. त्याआधी उपाशी ठेवलेला माणूस आठवड्याच्या शेवटी वडापाववर तुटून पडतो, आणि खरी चरबी तेव्हा चढते.

म्हणून गुहागरात जेवा. घावन, आंबोळी, सुरमई, सोलकढी, सगळं. एका मध्यम हापूसचा गर १५० ग्रॅमच्या आसपास निघतो, म्हणजे ९० ते १०० कॅलरी. आंब्याला घाबरू नका, आमरसात वरून साखर घालू नका एवढंच. जेवणाच्या ताटापेक्षा मधलं खाणं महाग पडतं: गाडीतले वेफर्स, बिस्किटं, दर थांब्यावर चहा आणि बाटलीतलं कोकम सरबत, ज्यात कोकमापेक्षा साखर जास्त असते. शाकाहारी असाल तर प्रथिनं कमी पडतील. खानावळीत आदल्या दिवशी सांगून वालाचं बिरडं किंवा मटकीची उसळ करून घ्या, दोन्ही जेवणांत एक-एक वाटी दही ठेवा.

प्रवासात लोक, त्यातही बायका, स्वच्छतागृहाच्या भीतीने पाणीच पीत नाहीत. मग डोकं धरतं, पोट अडतं आणि त्याचा दोष माशाच्या कालवणाला लागतो. दर दोन तासांनी गाडी थांबवा, दहा मिनिटं चाला, पाणी तेव्हाच प्या.

चालायचं ते ओहोटीला, ओल्या घट्ट वाळूवर. कोरड्या भुसभुशीत वाळूत टाच रुतते, पोटरी आणि टाचेमागची शीर प्रत्येक पावलाला ताणली जाते, आणि दमणूक सपाट रस्त्याच्या जवळपास दुप्पट होते. पहिल्या दिवशी कोरड्या वाळूत १० मिनिटं पुरेत. ओहोटीची वेळ काढायला किनाऱ्यावरचा जुना हिशोब वापरा: तिथीचा पाऊणपट म्हणजे भरतीचा तास. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, म्हणून नऊला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पहाटे पाच-सहाला ओहोटी मिळते, मे महिन्यात चालायला यापेक्षा चांगली वेळ नाही. किनारा समुद्राकडे उतरता असतो. उत्तरेकडे जाताना डावा पाय खाली पडतो, म्हणून तितकंच अंतर त्याच वाटेने परत या, नाहीतर एका गुडघ्याची बाहेरची बाजू दुखेल. एकूण ४० मिनिटं. दहा हजार पावलांचा हट्ट नको.

ताकद एका आठवड्यात कुठेही जात नाही. एकदा किंवा दोनदा २० मिनिटं खोलीतच करा: पाय पलंगावर ठेवून जोर, बैठका, आणि पाठपिशवीत लिटरच्या सहा-आठ बाटल्या भरून ती वाकून पोटाकडे ओढणं. प्रत्येकी तीन फेऱ्या.

आता रायगड, कारण त्या आठवड्यात शरीराला खरा धोका तिथेच आहे. लोक रोपवेने वर जातात आणि "उतरायला काय लागतंय" म्हणत पायऱ्यांनी खाली येतात. अगदी उलट करा. पायऱ्या चढून जा, रोपवेने उतरा. एकाच बाजूचं तिकीट मिळतं का, हे आधी विचारून घ्या. चढताना दम लागतो, पण दम लागला की माणूस थांबतो. उतरताना दम लागत नाही, म्हणून कोणी थांबत नाही, आणि मांडीचा पुढचा स्नायू प्रत्येक पायरीला भार घेत लांबत राहतो. त्यानेच तंतूंना इजा होते. कळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जोरात असते, म्हणजे ऑफिसच्या जिन्यावर. पायऱ्यांनीच उतरायचं असेल तर दोन आठवडे आधीपासून तयारी करा: वीतभर उंच पायरीवर एका पायावर उभं राहून दुसरी टाच तीन सेकंदांत खाली टेकवायची, प्रत्येक पायाने आठ वेळा, तीन फेऱ्या, आठवड्यातून दोनदा. उतरताना गुडघा ताठ करू नका, पावलं छोटी, थोडं तिरकं, हातात काठी. नवे बूट अजिबात नकोत. उन्हं चढायच्या आत वर पोहोचा. ओआरएसचं मोठं पाकीट बरोबर एक लिटर पाण्यात, अर्ध्या लिटरमध्ये नाही.

हे सगळं धडधाकट माणसासाठी. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर चढताना साखर खाली जाऊ शकते, खिशात ग्लुकोजची पूड ठेवा आणि डोसचं डॉक्टरांना विचारून निघा. चढताना छाती भरून आली तर तिथेच बसा, मदत मागवा, वर जाऊ नका. गडानंतर मांड्या प्रचंड दुखत असताना लघवी काळ्या चहासारखी झाली तर बाम चोळत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. स्नायू फुटून त्यातलं प्रथिन मूत्रपिंडात अडकत असतं. आणि वजन पुढच्या शनिवारी करा.