दर नंतर, आधी नमुना आठ

चिरंजीवास अनेक आशीर्वाद,

तालुक्याच्या बैठकीत मांडायचं तुझं टिपण वाचलं. श्रीमंतांवर आणि कंपन्यांवर कर वाढवा, त्यातून अंगणवाड्या, दवाखाने आणि निराधारांचं मानधन चालवा, ही मागणी मला मान्य आहे. पण चार पानांत तू फक्त दराबद्दल बोलला आहेस. कर कोणाकोणाच्या नावावर लागतो, वसूल किती होतो आणि आलेला पैसा कुठल्या खात्यात पडतो, या तीन गोष्टींवर एक ओळ नाही. समोरचा माणूस जाणकार असेल तर तिथेच पकडेल.

संपत्ती कराचंच घे. 1957 चा कायदा 2015 च्या अर्थसंकल्पात मोडीत निघाला. त्या वेळी सरकारने दिलेला आकडा असा, की 2013-14 मध्ये अख्ख्या देशातून या कराचे फक्त 1,008 कोटी आले. त्याऐवजी एक कोटीवर उत्पन्न असलेल्यांवर 2 टक्के जादा अधिभार (करावरचा वाढीव कर) लावला, तर 9,000 कोटी मिळतील असा अंदाज मांडला गेला. कागदावर कर होता, पण त्यात धरायच्या मालमत्तांची यादी लंगडी होती. वारसा संपत्तीवरचा कर तर 1985 मध्येच गेला. म्हणून 'संपत्ती कर परत आणा' एवढंच लिहू नकोस. कोणत्या मालमत्ता धरायच्या आणि त्यांचं मूल्य कोण ठरवणार, तेही लिही. कंपन्यांबद्दल लिहिताना सप्टेंबर 2019 ची तारीख घाल. सवलती सोडणाऱ्या कंपन्यांसाठी मूळ दर 22 टक्क्यांवर आणला आणि ही कपात आणि सोबतच्या सवलती मिळून वर्षाला 1 लाख 45 हजार कोटींचा महसूल सोडावा लागेल असं सरकारनेच सांगितलं. हा आकडा सरकारचा असल्यामुळे कोणी वाद घालत नाही.

अधिभाराच्या बाबतीत एक मेख आहे. पंधराव्या वित्त आयोगाने केंद्रीय करांतला 41 टक्के वाटा राज्यांना ठरवला, पण अधिभार आणि उपकर त्या वाटणीत येत नाहीत. अतिश्रीमंतांवरचा अधिभार वाढला तरी मुंबईच्या तिजोरीत हक्काने काही येत नाही, मग रत्नागिरीच्या जिल्हा परिषदेचं नावच सोड. मागणी करायची तर मूळ दर वाढवण्याची.

आणि बाहेरचे दाखले कशाला शोधतोस? कर एका कामाला बांधून ठेवण्याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. रोजगार हमीसाठी 1975 मध्ये व्यवसाय कर आला. तो आणि आणखी काही कर हमीच्या निधीत जायचे आणि सरकारने तेवढीच भर घालायची, अशी रचना होती. गावातल्या मजुराला हक्काचं काम आणि त्याचा भार पगारदार-व्यापाऱ्यांवर. कल्पना चोख, दुखणं कमाल मर्यादेत. घटनेच्या कलम 276 ने या कराला वर्षाला 2,500 रुपयांचं झाकण घातलंय, तेही 1988 पासून हललेलं नाही. त्यामुळे महिना दहा हजारांच्या जरा वर पगार असलेला कारकून आणि त्याच कंपनीचा संचालक, दोघेही तेवढेच 2,500 भरतात. तुझ्या टिपणात हे एक उदाहरण आलं तरी पानभर लिहिण्याचे कष्ट वाचतील.

आता आपल्या किनाऱ्याकडे ये. श्रीमंत आणि कंपनी इथे डोळ्यांना दिसतात: समुद्राच्या कडेचे बंगले, रिसॉर्ट, मोबाइल टॉवर, कुठे बंदर, कुठे कारखाना. 'कर लावला की पळून जातील' हा आक्षेप उत्पन्नाच्या बाबतीत थोडाफार खरा असेल, पण समुद्र दिसणारी जमीन कोणी उचलून नेत नाही. म्हणूनच घरपट्टीकडे मी एवढं लक्ष दे म्हणतो. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 124 खाली ती लागते आणि 2015 च्या अखेरीपासून भांडवली मूल्यावर काढतात.

हिशेब असा. क्षेत्रफळ गुणिले जमिनीचा दर, अधिक क्षेत्रफळ गुणिले बांधकामाचा दर गुणिले घसारा (बांधकाम जुनं होईल तसा कमी होणारा गुणक); या बेरजेला वापराचा भारांक लावायचा आणि दर हजारी कर काढायचा. आकडे समजुतीपुरते धरू: जमीन 1,500 रुपये चौरस मीटर, बांधकाम 18,000, घसारा 0.9, कर हजारी 1.20. बंगला प्रत्यक्षात 280 चौरस मीटर, दोन मजली, आणि शनिवार-रविवार भाड्याने जातो. नमुना 8 मध्ये, म्हणजे ग्रामपंचायतीच्या कर आकारणीच्या नोंदवहीत मात्र तळमजला 120 चौरस मीटर आणि वापर 'निवासी'. कर येतो 2,549 रुपये. तोच बंगला पूर्ण मोजला आणि व्यापारी वापराचा भारांक 1.25 धरला तर 7,434. दराला हातही न लावता जवळजवळ तिप्पट!

यादीत चुका कुठे होतात, तेही सांगतो. वरचा मजला नंतर चढतो, त्याची नोंद होत नाही. वापराचा रकाना घर बांधलं तेव्हाचाच राहतो. सगळ्यात गमतीची चूक बांधकामाच्या प्रकारात. हल्ली महागडे रिसॉर्ट जुन्या घरासारखे दिसावेत म्हणून चिऱ्याच्या भिंती आणि स्लॅबवर मंगलोरी कौलं घालतात. आकारणी करणारा रस्त्यावरून बघतो आणि 'कौलारू' लिहून मोकळा होतो. उलट सरकारी घरकुलात राहणाऱ्या विधवेचं घर सिमेंट-स्लॅबचं, म्हणून वरच्या वर्गात. किमान आणि कमाल दरांच्या मध्ये कुठे थांबायचं हे ग्रामपंचायत ठरवते, तेव्हा वरच्या वर्गाचा दर ताणण्याआधी त्या वर्गात कोण कोण बसलंय ते बघ.

पडताळणीसाठी नमुना 8 ची प्रत माग. दिली नाही तर माहिती अधिकारात अर्ज, अर्जाचं शुल्क दहा रुपये. मग एकेका नोंदीशेजारी तीन गोष्टी ताडून बघ: वीजबिल घरगुती की वाणिज्य, बुकिंगच्या साइटवर खोल्या किती दाखवल्यात, आणि मालकाच्या नावाशेजारी भोगवटादार (प्रत्यक्ष ताबा असलेला) म्हणून कोण आहे. टॉवर सुटलाय का तेही बघ. मोबाइल टॉवरवर मालमत्ता कर लावता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये स्पष्ट केलं होतं, पण 2023 च्या दूरसंचार कायद्याने मालमत्ता करासाठी टॉवर जागेचा भाग धरायचा नाही असं ठरवलंय, तेव्हा आधी खात्री कर. चाकरमान्यांची बंद घरं मात्र या यादीत ओढू नकोस. गणपतीला आणि शिमग्याला उघडणारं घर म्हणजे फार्महाऊस नव्हे, आणि तसं केलंस तर निम्मी वाडी पहिल्याच सभेत तुझ्या विरोधात जाईल. सीआरझेडमधल्या (किनारा नियमन क्षेत्रातल्या) विनापरवाना बांधकामावर कर लावला म्हणून ते अधिकृत होत नाही. हे वाक्य ठरावात शब्दशः घाल, नाहीतर उद्या तीच पावती न्यायालयात दाखवली जाते.

फेरआकारणी चार वर्षांनी होते. मधल्या काळात नवं बांधकाम किंवा वापरातला बदल ध्यानात आला तर मासिक सभेत नोंद दुरुस्तीला घ्यायची, मालकाला नोटीस द्यायची आणि हरकत ऐकून लेखी निर्णय द्यायचा. यातली एक पायरी गाळली की पंचायत समितीकडच्या अपिलात सगळं कोसळतं, आणि रिसॉर्टवाल्याकडे वकील असतोच. वसुलीतही तसंच. मालक दादरला किंवा कोथरूडला, बिल मात्र फाटकाला अडकवलेलं. राखणदार म्हणतो, मला काय माहीत. बिल पोचपावतीच्या टपालाने शहरातल्या पत्त्यावर पाठव. त्यानंतर मागणी लेख, आणि तरीही ढिम्म असेल तर जप्ती किंवा लोकअदालत.

पैसा आल्यावर त्याला पाय फुटू नयेत याची तजवीज नियमांतच आहे. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातून 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला-बालकल्याणासाठी, 5 टक्के दिव्यांगांसाठी. आकारणी नीट करून तीन लाख जादा आले तर 45, 30 आणि 15 हजार झाले. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेला होता, स्वउत्पन्न तसं नाही. म्हणून या रकमा छोट्या वाटल्या तरी सोडू नकोस. बहुतेक ठिकाणी त्या मार्चच्या शेवटच्या आठवड्यात खुर्च्या आणि शिलाई मशीन वाटून संपवतात. मला विचारशील तर धनगरवाडीवरच्या अंगणवाडीला पाण्याची टाकी किंवा एप्रिल-मेमधला टँकर हा खर्च एप्रिलच्याच ठरावात नाव घेऊन लिहून ठेवावा.

कंपनीच्या सीएसआरला (सामाजिक जबाबदारीच्या खर्चाला) कर समजू नकोस. ठराविक आकाराच्या कंपन्यांनी नफ्याच्या 2 टक्के खर्च करायचे, पण कुठे आणि कशावर ते कंपनीच ठरवते. गावाला कमान मिळते, नर्स मिळत नाही. कारखाना हद्दीत असेल तर कलम 125 खाली करांऐवजी ठोक रक्कम घेण्याचा करार असतो. तो कधी झाला, किती वर्षांचा आणि मुदत कधी संपते, एवढं शोधून काढ. मुदत उलटून गेली तरी जुनीच रक्कम चालू ठेवलेली असते.

सप्टेंबरअखेर भरणाऱ्याला 5 टक्के सूट असते, त्यामुळे तोवर कार्यालयात गर्दी राहील. त्याआधीच नमुना 8 चा अर्ज टाक आणि 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत सगळी यादी वाचत बसू नकोस. वर्ग चुकलेल्या दहा-बारा नोंदी, मालकांची नावं न घेता, नुसत्या अनुक्रमांकाने मांड. ठराव झाला की त्याची सही-शिक्क्याची नक्कल त्याच आठवड्यात ताब्यात घे, आणि मला एक प्रत पाठव.

कळावे.